मोजण्याआधी शून्य

दुसरा ॲम्प्लिफायरही तसाच निघाला तेव्हा मी घाबरले.

पहिल्याच्या वेळी मी नुसतीच वैतागले होते. वैतागणं हा माझा जोडधंदा आहे असं आमच्या घरात म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही. बोगद्याच्या ऑर्डरमधले दोन ॲम्प्लिफायर राखीव म्हणून कपाटात पडून होते. बाकीचे केव्हाच बोगद्याच्या भिंतीवर बसले होते. राखीव आहेत तर एकदा तपासून, पुसून, खोक्यात घालून ठेवावेत, एवढाच माझा विचार. चहा झाला होता, टेबल मोकळं होतं, आणि समोरच्या खुर्चीत माझी जाऊ मान खाली घालून सोल्डरिंग करत होती. तिला मी धाकटीच म्हणते.

आमचं वर्कशॉप म्हणजे घराचाच खालचा मजला. सासरे मालक, मी आणि धाकटी कामाला, माझा नवरा ऑर्डरी आणायला सदानकदा बाहेरगावी. धाकटीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, तेवढे या धंद्यातून निसटले. "दिवसभर पडद्यावरच्या रेषा बघत बसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही," म्हणाले, आणि बोगदा खणणाऱ्या कंपनीत पंपावर लागले.

आता रेषांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आमच्याकडे स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे. त्याच्या पोटातच ट्रॅकिंग जनरेटर असतो. जनरेटर एका टोकातून सिग्नल सोडतो, यंत्र दुसऱ्या टोकाने तो परत घेतं, आणि मध्ये जे काही जोडलं असेल त्याने सिग्नलचं काय केलं ते पडद्यावर रेष काढून दाखवतं. आधी नुसती केबल जोडायची आणि 'नॉर्मलाइज'चं बटण दाबायचं. ती रेष यंत्र शून्य धरतं. मग मध्ये ॲम्प्लिफायर घालायचा. रेष वर चढते. मग जनरेटरचा जोर दहा डीबीने, म्हणजे जोराच्या मापावर दहाने, वाढवायचा, तर रेषही दहाने चढली पाहिजे. आणखी दहा वाढवला, तर आणखी दहाने. देऊ तेवढं सगळं सारख्या मापाने वाढवतो तो पास, आणि जोर आला की धापा टाकतो तो नापास.

कपाटातल्या पहिल्या ॲम्प्लिफायरने आधीच्या दहाला दहा दिले आणि दुसऱ्या दहाला सहा.

मी यंत्राला शिव्या घातल्या. कधी कधी ॲम्प्लिफायर बिचारा ठीक असतो आणि जास्त जोराने ॲनालायझरचाच घसा बसतो. म्हणून ॲनालायझरच्या तोंडाशी सिग्नल आणखी दाबून बघितला. तरी सहाच. ॲम्प्लिफायर काढून नुसती केबल लावली, तर दहाला दहा. म्हणजे यंत्र शहाणं होतं आणि केबलही. मग कपाटातला दुसरा काढला. दहाला सहा.

बोगद्यात मोबाइल चालत नाही. बोलायचं ते वायरलेसवर, आणि आतला आवाज बाहेर येतो तो आमच्या डब्यांमधून, म्हणजे याच ॲम्प्लिफायरांमधून, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. एकाच वेळी कितीतरी लोक वेगवेगळ्या चॅनलवर बोलत असतात आणि सगळ्यांचं बोलणं त्याच डब्यातून जातं. डब्याच्या खालीच उभा असलेला डंपरवाला बोलतो तेव्हा त्याचा सिग्नल दांडगा असतो, आणि लांब टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा अगदी बारीक. चांगला ॲम्प्लिफायर दोघांनाही सारखंच पुढे पाठवतो. दमेकरी असला तर दांडग्याच्या ओझ्याखाली वाकतो आणि बारीक आवाज तिथल्या तिथे गिळतो. खरखर नाही, शिट्टी नाही. तो माणूस बोललाच नाही, असं होतं.

आणि तिथे सुरुंग उडवतात. भाऊजींनीच एकदा जेवताना सगळं सांगितलं होतं. उडवायच्या आधी चार पहारेकरी आपापल्या जागेवरून 'मोकळं' म्हणतात. मग भोंगा होतो. भोंग्यानंतर थोडं थांबतात, आणि तेवढ्यात कुणाला काही वावगं दिसलं तर त्याने 'थांबा' म्हणायचं. कुणी काहीच बोललं नाही, की सुरुंग उडवायची किल्ली फिरवायची. चौथा पहारा, सुरुंगाच्या सगळ्यात जवळचा, भाऊजींचा. सांगताना त्यांना फार अभिमान वाटत होता.

मी टेबलाची कड धरली.

"धाकटे, इकडे ये जरा."

"काय झालं ताई?"

"बोगद्याचा माल तू तपासलास ना, मी माहेरी होते तेव्हा? कसा तपासलास ते करून दाखव."

"चुकलं का काही?" ती लगेच उभी राहिली. तिचा स्वभावच तसा. मी शिंकले तरी तिला वाटतं तिचंच काही चुकलं.

"आधी दाखव तर."

तिने कनेक्टर पुसला. केबल जोडली, नॉर्मलाइज केलं. बरोबर. ॲम्प्लिफायर लावला. बरोबर. रेष चढली, तिने आकडा वाचला. अगदी बरोबर. मग तिने जोर दहाने वाढवला आणि रेष नीट स्थिरावायच्या आतच तिचं बोट पुन्हा नॉर्मलाइजवर गेलं. रेष खाली येऊन शून्यावर सपाट बसली. पुन्हा दहा वाढवले, पुन्हा बटण, पुन्हा सपाट.

"हा बघा," ती म्हणाली, "पास."

"हे बटण मध्येच का दाबलंस?"

तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने, लाल ऑइलपेंटने लिहिलेली पाटी आहे. मोजण्याआधी शून्य. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ती तिथे आहे आणि मी ती वाचायचं केव्हाच सोडून दिलं होतं. धाकटीने मात्र ती मनापासून वाचली होती.

"जोर बदलला म्हणजे नवीन मोजणी झाली ना, ताई? म्हणून नव्या मोजणीआधी शून्य."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही.

"भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर टोपली ठेवलीस," मी म्हटलं, "आणि टोपलीसकट शून्याचं बटण दाबलंस, तर काटा काय दाखवेल?"

"शून्य."

"टोपलीत काहीही असलं तरी?"

ती उत्तर द्यायला गेली आणि मध्येच थांबली. मुलगी मुळीच मठ्ठ नाही. तिने पडद्यावरच्या त्या सपाट रेषेकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तो उतरताना मला दिसत होता.

"किती जणांना असं केलंस?"

"सगळ्यांना," ती म्हणाली. आवाज असा की मला तो ओठांवरूनच वाचावा लागला. "ताई, आमचे हे आज दुपारच्या सुरुंगाला आत आहेत."

मी सासऱ्यांना हाक मारली. ते आतल्या खोलीतून चष्मा कपाळावर चढवून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः एकदा मोजून बघितलं. दहाला सहा.

"या वेळचे ट्रान्झिस्टर नव्या माणसाकडून घेतले होते," ते म्हणाले. "पण घाबरून जायचं कारण नाही. साइटवर फोन करून विचारू, काही तक्रार आहे का. तक्रार असती तर आत्तापर्यंत आली असती की."

"कशी येईल, बाबा?" मी जवळजवळ ओरडलेच. "जे ऐकूच आलं नाही त्याची तक्रार कोण करणार?"

सासऱ्यांवर मी कधी आवाज चढवत नाही. मनात चढवते, तोंडाने नाही. ते खाली बसले.

भाऊजींचा मोबाइल बंद. बंद म्हणजे काय, जमिनीच्या पोटात. साइटच्या ऑफिसात फोन लागला. तिथला कारकून घास तोंडात ठेवूनच बोलत होता.

"साहेब आत आहेत. काय निरोप?"

"आजचा सुरुंग थांबवा. वायरलेसमध्ये दोष आहे."

"कोण बोलतंय?"

"वायरलेसचे ॲम्प्लिफायर बनवणारे."

"बरं. मग असं करा, तुमच्या लेटरहेडवर लिहून मेल करा. मी साहेबांना दाखवतो."

"अहो, माणसं मरतील!"

"ताई, रागावू नका, मला किल्लीला हात लावायचा अधिकार नाही. जेवणाच्या सुट्टीत उडवतात. माणसं बाहेर यायला लागलीच आहेत आता."

मी फोन आपटला. धाकटी तोवर गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. पायात घरातल्याच चपला, आणि अंगावर कामाचा एप्रन तसाच.

गाडी मी चालवली. मालाची छोटी गाडी ती, पुढे दोघांपुरती जागा, त्यात आम्ही तिघं कोंबून बसलो. राखीव डबा सासऱ्यांच्या मांडीवर. तो कशाला घेतला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर कुणीतरी आडवं येत होतं. सिमेंटचा एक मिक्सर आमच्यापुढे असा निवांत चालला होता की जणू नव्या नवरीची वरात. मी हॉर्नवरून हात काढला नाही. मिक्सरवाल्याने खिडकीतून हात काढून मला काय वाटेल ते सुनावलं. मला त्याचा रागही आला नाही, इतकी मी घाबरले होते.

"ताई," धाकटी म्हणाली, "मी प्रत्येक डब्यावर माझ्या हाताने पासचा शिक्का मारलाय."

"गप्प बस."

"ह्यांना मीच म्हटलं होतं, आता तुमचा आवाज माझ्या डब्यातून येणार म्हणून. हसले होते."

"धाकटे, गप्प बस गं, मला गाडी चालवू दे."

ती गप्प बसली आणि ते जास्तच वाईट झालं. तिचे दात एकमेकांवर वाजत होते, आणि इंजिनाच्या आवाजातही मला ते ऐकू येत होतं. सासऱ्यांनी डब्याखालून हात काढून तिच्या हातावर ठेवला. या घरात मी इतकी वर्षं आहे, पण त्यांनी असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

फाटकावर रखवालदार. हेल्मेट नाही तर आत नाही, नियम म्हणजे नियम. मी त्याला समजावत होते तोवर धाकटी गाडीतून उतरून आडव्या दांड्याखालून वाकून पळतही सुटली होती. "ओ बाई, ओ बाई," करत तो तिच्यामागे धावला, मी त्याच्यामागे, आणि सगळ्यांच्या मागे सासरे, डबा छातीशी धरून.

बोगद्याचं तोंड समोर दिसलं. बाहेर माणसं हेल्मेट काढून, जेवणाचे डबे उघडून सावलीला बसत होती. तोंडाच्या आत, थोड्याच अंतरावर, भिंतीवर आमचा करडा डबा. आणि त्याच्या बरोबर खाली एक डंपर उभा. त्याचा ड्रायव्हर दारातून पाय बाहेर सोडून, वायरलेस तोंडाशी धरून कुणाशी तरी मजेत गप्पा मारत होता. आतून येणारा प्रत्येक शब्द त्याच डब्यातून यायचा होता.

सुरुंगवाले काका वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला एका पेटीवर बसले होते. पुढ्यात किल्लीचं यंत्र, बाजूला वायरलेस. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, पण भाऊजींच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं. रागीट माणूस, कामात चोख, कामाच्या वेळी कुणी बोललेलं खपत नाही.

"एक मोकळं," वायरलेस म्हणाला. "दोन मोकळं." "तीन मोकळं." मग, डंपरवाला समोरच्याचं ऐकायला क्षणभर थांबला तेवढ्यात, अगदी बारीक, ओळखीचा आवाज, "चार मोकळं."

आणि भोंगा वाजला. भोंगा थांबला आणि सगळीकडे शांत झालं. कुणीतरी 'थांबा' म्हणालं तर ऐकू यावं, म्हणून राखलेली ती शांतता. डंपरवाल्याच्या गप्पा मात्र चालूच होत्या, त्या त्याच्या चॅनलवर होत्या ना. मी वायरलेसकडे बघत होते. त्यातून काहीच येत नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याचा अर्थ काय ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

काकांनी किल्लीला हात घातला. धाकटीने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं.

"नको! फिरवू नका!"

"कोण तुम्ही? बाजूला व्हा! अरे, या बाईला आत कुणी सोडलं?"

"काका, तुम्हाला आतलं ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतंय येतंय, पण येत नाहीये."

"वेड लागलंय का हिला?"

रखवालदाराने तिचा दंड धरला, मी रखवालदाराचा. तेवढ्यात धापा टाकत सासरे पोचले. त्यांनी तो डबा काकांच्या पायाशी ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या भिंतीवरचे डबे मी बनवलेत. ते खराब आहेत. आतल्या माणसाने थांबा म्हटलं तर ते तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. मी मालक आहे, मी सांगतोय. किल्ली काढा."

काकांनी एकदा सासऱ्यांकडे बघितलं आणि किल्ली काढून खिशात घातली. माणूस रागीट असला तरी कामात चोख होता, ते खरंच.

आतल्यांना परत बोलवायचं तर वायरलेसवर भरवसा नाही. म्हणून फोरमन स्वतः शिट्टी घेऊन जीपने आत गेला. जीपचे दिवे वळणावर गेले आणि दिसेनासे झाले. आम्ही पोत्यांपाशी उभे राहिलो. मला सारखं वाटत होतं की काही तरी राहून गेलंय, कुठे तरी अजून एखादी किल्ली आहे, एखादी वायर आहे, आणि आता आवाज होईल. धाकटी अंधाराकडे बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती.

मग दिवे परत दिसले. जीप बाहेर आली आणि मागच्या बाजूने चिखलाने माखलेले भाऊजी उडी मारून उतरले.

"अरेच्चा, अख्खं घरच आलंय की!" ते म्हणाले. "बाबा, तुम्ही सुद्धा? काय झालं, जेवणाचा डबा विसरलो का मी?"

धाकटी जाऊन त्यांच्या बाहीला धरून उभी राहिली. रडली नाही, काही नाही. मी आणि सासऱ्यांनी मिळून काय झालं ते सांगितलं, म्हणजे मीच सांगितलं आणि सासरे मध्ये मध्ये मान हलवत होते. भाऊजींनी ऐकलं आणि धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"एवढंच होय? मी तर चांगलं 'मोकळं' म्हणालो होतो. आणि नंतर काहीच वावगं दिसलं नाही. आज उडवला असता तरी काही बिघडलं नसतं."

"म्हणजे माझी एक पाळी फुकट गेली," सुरुंगवाले काका पुटपुटले.

मला बरं वाटलं, आणि जरा लाजही वाटली. फाटक काय ओलांडलं, रखवालदाराशी हातघाईवर काय आले, आणि शेवटी काय, तर काहीच नाही. आजूबाजूची माणसं पुन्हा आपापल्या जेवणाच्या डब्याकडे वळली. मीही एका पेटीवर बसून घेतलं. उद्या सगळे डबे काढून आणायचे, ट्रान्झिस्टर बदलायचे, असा हिशेब सासरे मोठ्याने करायला लागले.

भाऊजींना मात्र बायकोचा पडलेला चेहरा बघवेना. तिची बाजू घ्यायलाच ते बोलले.

"आणि उगीच हिच्या डब्यांना नावं ठेवू नका हं. चांगले चालतात. काका, परवाचंच घ्या ना. भोंगा झाल्यावर मी 'थांबा' म्हणालो, तर थांबलात ना तुम्ही?"

काकांनी वर बघितलं. "कधी?"

"परवा हो. तो वेल्डर नाही का, जॅकेट विसरलं म्हणून परत आत पळाला. मी दोनतीनदा ओरडलो, थांबा, थांबा. मग त्याला ओढून आणायला मीच मागे गेलो. आम्ही दोघं वळणाच्या अलीकडे आलो आणि पाठोपाठ तुम्ही उडवलात. कानठळ्या बसल्या. तुम्ही उलटं 'थांबलो' म्हणाला नाहीत, तेव्हा म्हटलं, काका चिडलेले दिसतात."

"परवा कुणीच थांबा म्हणालं नाही," काका म्हणाले.

"मग तुम्ही थांबलात कशाला?"

काका हातातल्या वायरलेसकडे बघत राहिले. बोलले तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता.

"चष्म्यावर धूळ बसली होती. किल्लीचं भोक दिसेना. पुसत होतो."

धाकटीची बाहीवरची मूठ आवळली गेली. सासऱ्यांचा हिशेब मध्येच तुटला.

"म्हणजे काय?" भाऊजींनी विचारलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते अजून हसतच होते.